धांव, कमान आणि रस्ता

आपल्याकडे बैलगाडीच्या लांकडी चाकावर जो लोखंडी वेढा बसवितात त्यास 'धांव' असें नांव आहे. नांव मोठें समर्पक आहे. कारण चाक खरोखर धांवतें तें या वेढ्यावरच. लोहार हा वेढा चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान घडवितो, लाल होईपर्यंत तापवितो, आणि तापून तो फुगला कीं चाकावर चढवून वर पाणी ओततो. लोखंड आकसतें व तुंबा, आरे आणि घेर हीं सर्व एकमेकांशीं घट्ट आवळलीं जातात. चाक असें बळकट होतें; परंतु त्याच बळकटीमुळें तें निष्ठुरहि होतें. वाटेंतील प्रत्येक दगडाचा धक्का तें जसाच्या तसा वर पोंचवितें. हा धक्का सोसावयाचा कोणी, हा प्रश्न चाकाइतकाच जुना आहे.

गाडीच्या सुधारणेचा इतिहास आपण सामान्यतः सुखाच्या वाढीचा इतिहास म्हणून वाचतों. आधीं लोखंडी धांव, मग कमानी, मग रबर, मग हवा, अशी ती चढती पायरी सांगतात. प्रस्तुत लेखकास तो इतिहास थोडा निराळा दिसतो. प्रत्येक सुधारणेबरोबर धक्का एकाच्या अंगावरून निघतो खरा; पण बहुधा तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर जाऊन पडतो. गिरगांवापासून लालबाग, परळ, दादरपर्यंतच्या रस्त्यांवर गेल्या पावणेदोनशें वर्षांत जें घडलें त्यावरून हें चांगलें दिसून येतें.

चाकास आधीं रस्ता लागतो, ही गोष्ट सह्याद्रीच्या आसऱ्यास राहणाऱ्यांस सांगावयास नको. घाटावरचा माल शतकानुशतकें वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून कोंकणांत उतरे. जनावराचे चार पाय प्रत्येक दगडाप्रमाणें निरनिराळे वांकतात. चाकास तसें वांकतां येत नाहीं. सन १८३० मध्यें बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हां कोठें घाटावरच्या गाड्या सुखानें खालीं येऊं लागल्या. पुढें १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आगगाडी गेली. १८५६ सालीं ताडदेवास दावर यांची कापसाची गिरणी चालूं झाली, आणि मग भायखळा, लालबाग, परळ या बाजूस धुराड्यांचें रानच उभें राहिलें. बंदरांतून गिरणींत कापसाच्या गांठी आणि गिरणींतून बाजारांत कापड नेण्याचें काम खटाऱ्यांवर आलें. खटारा म्हणजे दोन चाकांची बिनकमानी मालगाडी. तिच्यांत धक्का गिळावयास कांहींच नसे. तो चाकावरून आंसावर, आंसावरून दांडीवर, दांडीवरून जोखडावर आणि जोखडावरून बैलाच्या मानेवर जाई. मुंबईची पहिली भरभराट त्या मानेवरून वाहिली गेली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

त्याच काळीं त्याच रस्त्यांवर दुसऱ्या प्रकारच्या गाड्याहि फिरत होत्या. इंग्लंडांत ओबडाया इलियट नांवाच्या कारागिरानें १८०४ च्या सुमारास दोन वांकविलेले पोलादी पाटे समोरासमोर जोडून लंबवर्तुळाकार कमान केली आणि तिच्यावर गाडीची बैठक ठेविली. कमानीची युक्ति साधी आहे. उतरत्या लांबीचे पाटे एकावर एक ठेवून मध्यें आवळतात. चाक वर उसळलें कीं पाटे सरळ होऊं पाहतात, एकमेकांवर घासतात, आणि त्या घर्षणांत उसळीचा जोर मुरतो. मुंबईच्या शिग्रामांस, आणि नंतर व्हिक्टोरियांस, अशा कमानी आल्या. शेटजी किंवा साहेब आंत बसून वर्तमानपत्र वाचूं शकला, तें या पाट्यांच्या कृपेनें. पण कमान ही माणसासाठीं होती, मालासाठीं नव्हती. कापसाच्या गांठीस धक्का लागत नाहीं, आणि खटाऱ्याच्या बैलास वाचा नाहीं. म्हणून खटारा होता तसाच राहिला. सुधारणा आधीं तेथें पोंचते जेथें तक्रार करणारें तोंड असतें, हा नियम येथेंच दिसूं लागतो.

यानंतर आली ट्राम. सन १८७४ च्या मे महिन्याच्या ९ तारखेस मुंबईंत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक फांटा कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटावरून पायधुणीस जाई, दुसरा बोरीबंदराहून पायधुणीस. आरंभीं कंपनीजवळ २० गाड्या आणि २०० घोडे होते. घोड्यांच्या ट्रामचा काळ संपला तेव्हां घोड्यांची संख्या १,३६० पर्यंत गेली होती. ट्राम ही मोठी विचारपूर्वक केलेली तडजोड होती. चाक मऊ करतां येत नाहीं आणि सगळा रस्ता गुळगुळीत करणें परवडत नाहीं. तेव्हां चाकाखालची दोन बोटें जागा तेवढी गुळगुळीत करावी, हा तिचा अर्थ. लोखंडी रुळावर लोखंडी चाकास इतका थोडा विरोध होतो कीं खडीच्या रस्त्यावर घोडा जेवढें ओढील त्याच्या कित्येक पट तो रुळावर ओढतो. १९०७ सालीं ७ मे रोजीं विजेची ट्राम चालूं झाली आणि घोडेहि सुटले. 'दादर टी. टी.' हें नांव आजहि लोकांच्या तोंडीं आहे. त्यांतील दोन अक्षरें 'ट्राम टर्मिनस' यांचीं आहेत, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें.

इकडे रुळांनीं रस्ता सुधारला जात असतां तिकडे यूरोपांत चाकच बदलत होतें. चार्ल्स गुडइयर यानें १८३९ सालीं रबरांत गंधक घालून तें तापविण्याची क्रिया शोधून काढली. त्यामुळें उन्हानें चिकट व थंडीनें ठिसूळ होणारें रबर टिकाऊ झालें. १८४५ सालीं रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश इंजिनियरानें हवा भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें. पण तें मागें पडलें. १८८८ सालीं बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तिचाकीसाठीं तीच कल्पना पुन्हा स्वतंत्रपणें अमलांत आणिली. ती बायसिकलवर चढली, आणि बायसिकलवरून मोटारीवर. एवढें वजनदार वाहन हवेवर तरंगावें, यासारखें नवल त्या शतकांत थोडेंच घडलें असेल.

परंतु हें रबर कोठून आलें? एक मोठा भाग आफ्रिकेंतील कांगो प्रांतांतून आला. तो मुलूख त्या वेळीं बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जवळजवळ खाजगी मालमत्ता होती. नेमून दिलेलें रबर गोळा करून आणिलें नाहीं म्हणून तेथील लोकांस फटके मारीत, ओलीस धरीत, गोळ्या घालीत. हात तोडल्याचीं छायाचित्रें जगभर पसरलीं, आणि अखेर १९०८ सालीं बेल्जियमच्या सरकारास तो मुलूख राजाच्या हातून काढून घ्यावा लागला. पॅरिस-लंडनच्या रस्त्यांवरील धक्का कमी झाला. तो कांगोच्या अरण्यांत जाऊन पडला. पुढें मलायांत रबराचे मळे झाले, आणि तेथें राबले तेहि बहुतांशीं आपल्याच देशांतील तमिळ मजूर. चाकाची धांव लोखंडाची होती तोंपर्यंत तिचा इतिहास गांवच्या लोहाराच्या भट्टीपाशीं संपत असे. रबराची झाल्यावर तो समुद्रापलीकडे गेला.

मुंबईंत मोटारी दिसूं लागल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं शेवटीं. १९२६ सालीं १५ जुलै रोजीं अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली मोटारबस धांवली. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें शिवडीस मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला व तेथून मालमोटारी बाहेर पडूं लागल्या. पुढें फायरस्टोन कंपनीचा टायरांचा कारखानाहि शिवडींतच उभा राहिला. खटाऱ्याच्या वाटेनेंच आतां मालमोटार चालली.

येथें रस्त्याची पाळी आली. मॅकॅडॅमच्या पद्धतीचा खडीचा रस्ता लोखंडी धांवेच्या हिशेबानें केलेला असे. जड गाड्यांच्या धांवा खडी चिरडीत. तिचा भुगा पावसाच्या पाण्यानें फटींत बसे आणि रस्ता आवळला जाई. वेगानें जाणाऱ्या रबरी चाकानें याच्या उलट केलें. त्यानें फटींतला भुगा वर ओढून काढिला, धूळ करून उडविला, आणि खडी सुटी पाडिली. आंत बसलेल्यास ज्या चाकानें सुख दिलें त्यानें रस्त्यास उघडें केलें. डांबर आणि सिमेंट यांवांचून गत्यंतर राहिलें नाहीं, आणि त्यांस पैसा लागतो. तो कोणी द्यावा याचा विचार करण्यास १९२७ सालीं जी समिति नेमली गेली तिचे अध्यक्ष मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे होते. समितीच्या शिफारशीवरून १९२९ पासून पेट्रोलवर दर गॅलनमागें दोन आणे जादा कर बसला व त्यांतून रस्त्यांचा मध्यवर्ती निधि निघाला. जो धक्का देतो त्यानेंच त्याचें मोल द्यावें, हें तत्त्व यांत आहे. मुंबईच्या एका कायदेपंडितानें तें राज्यकर्त्यांपुढें मांडावें, ही गोष्ट आपण फारशी आठवीत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानें आणखी एक प्रकार पुढें आणिला: रस्ता सोडून जाणारें वाहन. जीपगाडी ती हीच. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र यांच्या कंपनीनें ती मुंबईंत माझगांवास जुळविण्यास आरंभ केला. अशा गाडीची विद्या थोडक्यांत अशी सांगतां येईल. रस्त्यावर चालणाऱ्याला पायाखालचा आधार आयता मिळतो. रस्ता सोडणाऱ्यास आपला आधार बरोबर न्यावा लागतो. म्हणून टायर रुंद व खोल खांचांचा हवा, आणि वाळूंत शिरतांना त्यांतील हवा थोडी कमी करावी. म्हणजे तो पसरतो आणि भार अधिक जागेवर वांटला जातो. कमान अशी हवी कीं एक चाक खड्ड्यांत उतरलें तरी उरलेलीं तीन जमीन सोडणार नाहींत, म्हणजे पुनः वंजाऱ्याच्या बैलाच्या पायांसारखी. पण जड मालाच्या गाडीस हें सहज साधत नाहीं. भार पेलावयाचा तर पाटे ताठ व पुष्कळ हवेत, आणि पाटे ताठ केले कीं रिकामी गाडी दगडासारखी उसळते. मोठे टायर बसविले तर इंजिनास व ब्रेकास अधिक श्रम पडतात, आणि गाडी उंच झाल्यानें कलंडण्याचें भय वाढतें. जुन्या कारखान्यांतले मिस्त्री एक पाटा वाढविण्यापूर्वीं दहादां विचार करीत, तो याचसाठीं. एका ठिकाणचा धक्का काढला कीं तो दुसरीकडे कोठें निघणार हें त्यांस हातानें कळे.

यावर कोणी म्हणेल कीं, रबर व कमान हीं धक्क्याचा कांहीं अंश उष्णतेंत जिरवितात. म्हणजे तेवढा धक्का खरोखरच नाहींसा होतो. हें बरोबर आहे, आणि सुधारणेची खरी कमाई तेवढीच. परंतु ती कमाई आपण क्वचितच हातीं ठेवितों. गाडी सुखानें चालूं लागली कीं आपण भार वाढवितों किंवा वेग वाढवितों. पश्चिम महाराष्ट्रांतील ऊस वाहणारी टायरगाडी पाहावी. रबरी चाकानें बैलाचे श्रम कमी झाले. मग गाडींत पूर्वीं कधीं न भरला एवढा ऊस भरला गेला. मालमोटारींचेंहि तेंच. अमेरिकेंत इलिनॉय येथें १९५८ ते १९६० पर्यंत जे प्रयोग झाले त्यांवरून असें ठरलें कीं आंसावरचा भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज सुमारें सोळापट होते. मुंबईच्या पावसाळ्यांत याचा प्रत्यय दरसाल येतो. भेगेंत पाणी शिरतें, जड चाक तें दाबून खोल घुसवितें, खडी सुटते, खड्डा पडतो. आणि तोच खड्डा उद्यां त्याच गाडीचा पाटा मोडतो. धक्का फिरून मूळ धन्याकडे येतो, परंतु वाटेंत तो दुचाकीवरच्या मनुष्यास पाडून आलेला असतो.

ट्राम १९६४ च्या ३१ मार्च रोजीं बंद झाली. शेवटची गाडी बोरीबंदराहून दादरला गेली तेव्हां तिच्यांत पाय ठेवावयास जागा नव्हती. मऊपणा चाकांत आल्यावर रुळाचें प्रयोजन उरलें नव्हतें, असें त्या वेळीं वाटलें. अलीकडे फ्लोरा फाउंटनपाशीं खोदकामांत तिचे जुने रूळ सांपडले. व्हिक्टोरियाचे घोडे २०१५ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानें सुटले. आजच्या पुष्कळ बसगाड्यांत पोलादी पाट्यांच्या जागीं हवेच्या पिशव्या आहेत.

लालबागेस २०११ पासून उड्डाणपूल आहे. त्यावरून मोटारी कमानींवर आणि हवेवर झुलत जातात. पुलाखालीं मात्र अजून हातगाडी दिसते. तिच्यावर गोणी रचलेल्या असतात. पुढें एक मनुष्य ओढीत असतो, मागें एक रेटीत असतो. तिला पाटा नाहीं, पिशवी नाहीं. खड्डा आला कीं पुढचा मनुष्य गुडघे वांकवून, खांदा देऊन धक्का आपल्या अंगांत घेतो आणि पुढें चालूं लागतो. शिग्रामास कमान आली त्यास दोनशें वर्षें होत आलीं; या गाडीची कमान अजून त्याचे गुडघेच आहेत.