काळा पाषाण आणि वारूळ : सिबिली ते सातेरी

सिबिली ही प्राचीन फ्रिजियाची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील पठारी प्रदेशाची, मातृदेवता. तेथील शिलालेखांत तिला ‘मातार’ म्हटले आहे. ‘माता’ हा आपला शब्द त्याच भाषाकुळातला, त्यामुळे मराठी वाचकाला अर्थ सांगावा लागत नाही. कड्यांत कोरलेले दर्शनी भाग आणि कोनाडे ही तिची देवस्थाने.

इ. स. पू. २०४ मध्ये, हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसला असताना, रोमने तिला समारंभपूर्वक आपल्या नगरात आणले. आला तो एक काळा पाषाण. पुढे मूर्ती घडली, पण तिच्या चेहऱ्याच्या जागी हाच ओबडधोबड पाषाण बसवला होता, असे आर्नोबियस हा ख्रिस्ती लेखक नोंदवतो. रोमने देवी स्वीकारली. नागरिकांना तिचे पुजारी होण्यास मात्र मनाई केली. चौथ्या शतकाच्या अखेरीस तिची पूजा मागे पडली. आज माद्रिदच्या चौकात ती सिंहांच्या रथात बसली आहे आणि रिआल माद्रिदचे समर्थक विजयोत्सवासाठी तिच्यापाशी जमतात. फुटबॉलवेड्या गोमंतकीयांनी तिला दूरदर्शनवर पाहिलेही असेल.

चेहरा नसलेली आई आपल्याकडे नवी नाही. सातेरी मुळात वारुळाच्या रूपात पुजली जाते. पेडण्यात गावोगावी माउली आहे. डिचोली तालुक्यातील शिरगावची लईराई कळसरूपात असते. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत व्रतस्थ धोंड तिच्या नावाने अग्निदिव्य करतात. म्हापशाची मिलाग्रिस सायबीण ही तिचीच बहीण, अशी दोन्ही धर्मांच्या लोकांची श्रद्धा आहे.

सिबिली आणि सातेरी यांचा ऐतिहासिक संबंध जोडण्याचा मोह टाळावा. तसा पुरावा नाही. साम्य आहे ते नंतरच्या प्रवासात. तिसवाडी, बार्देस, सासष्टीतील देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली. डिचोली आणि पेडणे पोर्तुगीज अमलाखाली गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, तोवर तो आवेश ओसरला होता. म्हणून येथे जुनी रूपे टिकली. पण सातेरीची शांतादुर्गा झाली, वारुळावर धातूचा मुखवटा चढला. नाव बदलल्याने फारसे बिघडत नाही. जीर्णोद्धारात गाभाऱ्याला संगमरवरी फरशी बसवताना मात्र थांबून विचार व्हावा : वारूळ वाढते ते ओलसर मातीतून, आणि त्याचे वाढणे हाच भाविकांना देवीचा कौल वाटत आला आहे.