जर्मन गोवर व जन्मजात नेत्रदोष

गर्भारपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत मातेला जर्मन गोवर ऊर्फ रूबेला हा विषाणुजन्य रोग झाल्यास अर्भकात जन्मतः मोतीबिंदू, काचबिंदू, जालपटलाची विकृती, हृदयदोष व बहिरेपणा उद्‌भवू शकतात. मातेचा संसर्ग व अर्भकाचे अंधत्व यांतील हा संबंध १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रथम उघडकीस आला. त्यामुळे जन्मजात विकृतींविषयीच्या वैद्यकीय विचाराला नवी दिशा मिळाली.

या रोगाची प्रारंभीची वर्णने अठराव्या शतकातील जर्मन वैद्यांनी केली. त्यावरून त्याला जर्मन गोवर हे नाव पडले. १८६६ मध्ये हेन्री व्हील या ब्रिटिश लष्करी शल्यचिकित्सकाने भारतातील एका शाळेत आलेल्या साथीचे वर्णन करताना ‘रूबेला’ हा शब्द सुचविला. सौम्य ताप, अंगावर दोनतीन दिवस टिकणारे पुरळ आणि मानेमागील लसीका ग्रंथींची सूज एवढीच लक्षणे असल्याने हा रोग क्षुल्लक समजला जाई. गर्भाशयातील अर्भक बाह्य आघातांपासून बहुतांशी सुरक्षित असते व जन्मजात दोष प्रायः आनुवंशिक असतात, अशीही त्या काळी समजूत होती.

ऑस्ट्रेलियात १९४० मध्ये या रोगाची मोठी साथ आली. युद्धामुळे लष्करी छावण्यांत एकत्र आलेल्या तरुणांमुळे तिचा फैलाव वाढला. पुढील वर्षी सिडनी येथील नेत्रवैद्य नॉर्मन मॅकलिस्टर ग्रेग (१८९२–१९६६) यांच्याकडे जन्मजात मोतीबिंदू असलेली अर्भके असाधारण संख्येने येऊ लागली. बहुतेक अर्भकांत नेत्रभिंगाचा मध्यभाग दाट पांढरा झालेला होता. ती वजनाने कमी होती, नीट दूध पीत नव्हती आणि अनेकांना हृदयदोष होता. निरनिराळ्या कुटुंबांत एकाच वेळी आनुवंशिक दोष उद्‌भवणे संभवनीय नव्हते. गर्भारपणी आपल्याला जर्मन गोवर झाला होता, असे बोलणे प्रतीक्षाकक्षातील मातांमध्ये चालले असता ते ग्रेग यांच्या कानी पडले, असे सांगितले जाते. त्यांनी इतर नेत्रवैद्यांकडूनही माहिती मागविली. एकूण ७८ अर्भकांपैकी ६८ अर्भकांच्या मातांना गर्भारपणी, बहुधा पहिल्या वा दुसऱ्या महिन्यात, हा रोग झाल्याचे आढळले. १५ ऑक्टोबर १९४१ रोजी मेलबर्न येथे ग्रेग यांनी आपला निबंध वाचला.

हे निष्कर्ष लगेच सर्वमान्य झाले नाहीत. जन्मानंतर मागे वळून घेतलेल्या माहितीवर ते आधारलेले होते आणि संसर्ग होऊनही निरोगी मुले झालेल्या मातांची गणना त्यांत नव्हती. ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकाने १९४४ मध्ये शंका व्यक्त केली. तथापि चार्ल्स स्वॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियात १९४३ पासून केलेल्या पाहणीत ग्रेग यांच्या निष्कर्षांना दुजोरा मिळाला. संख्याशास्त्रज्ञ ऑलिव्हर लँकॅस्टर यांनी १९५१ मध्ये जुन्या जनगणनांतील बहिऱ्यांची वये तपासली, तेव्हा १८९९ च्या सुमारास जन्मलेल्यांत बहिरेपणाचे प्रमाण विशेष आढळले. त्याआधी नुकतीच जर्मन गोवराची साथ येऊन गेली होती. म्हणजे हा अनर्थ पूर्वीही घडत होता, पण त्याचे कारण कोणाच्या लक्षात आले नव्हते.

मातेच्या रक्तातील विषाणू वारेतून गर्भात शिरतो, कोशिकांचे विभाजन मंदावतो व सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करतो. नेत्रभिंगाची जडणघडण गर्भारपणाच्या दुसऱ्या महिन्यात होत असल्याने त्या काळातील संसर्ग डोळ्याला विशेष घातक ठरतो. भिंगात विषाणू जन्मानंतरही दीर्घकाळ जिवंत राहू शकतो. मोतीबिंदूखेरीज डोळा लहान राहणे आणि जालपटलावर मीठमिरी विखुरल्यासारखे ठिपके दिसणे हेही दोष आढळतात. पहिल्या १२ आठवड्यांत संसर्ग झाल्यास गर्भात विकृती होण्याचा धोका सु. ८५ ते ९० टक्के असतो. त्यानंतर तो झपाट्याने उतरतो व विसाव्या आठवड्यानंतर दोष क्वचितच उद्‌भवतात.

अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी १९६२ मध्ये हा विषाणू वेगळा केला. १९६४-६५ मध्ये त्या देशात आलेल्या साथीमुळे सु. २०,००० अर्भके सदोष जन्मली. लशीच्या संशोधनाला त्यामुळे निकड आली आणि १९६९ मध्ये पहिली लस वापरात आली. लशीतील विषाणू जिवंत पण क्षीण केलेला असल्याने ती गर्भवतीला देत नाहीत; म्हणून मुलामुलींना लहानपणीच ती टोचणे आवश्यक ठरते. व्यापक लसीकरणामुळे अमेरिका खंडांतून रूबेलाचे उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये घोषित झाले.

भारतात मात्र हा प्रश्न दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील एका अभ्यासात एक वर्षाखालील बालकांच्या मोतीबिंदूंपैकी सु. एक चतुर्थांश रूबेलाजन्य आढळले. गोवर-रूबेला लसीकरणाची देशव्यापी मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये गोव्यासह पाच राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. तीत ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलामुलींना लस देण्यात आली.

रूबेलाजन्य मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो, परंतु इतर नेत्रविकृतींमुळे दृष्टी बहुधा अपुरीच राहते आणि बहिरेपणा कायमचा असतो. म्हणून लसीकरणाद्वारे प्रतिबंध करणे हाच या विकारांवरील खरा उपाय होय.