तारेखालचा दोरा

पियानोच्या तारांत खिळे अडकवावे, गिटार मेजावर आडवी ठेवून तिच्यावर सुरी फिरवावी, घरीं जुळविलेल्या विजेच्या यंत्रांतून घरघर काढावी, आणि आधीं कांहीं न ठरवितां चाललेल्या या खटाटोपास संगीत म्हणावें, हें ऐकून पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ कानांवर हात ठेवतात. हें पाश्चात्यांचें वेड आहे, आपल्या परंपरेशीं याचा कांहीं संबंध नाहीं, असा त्यांचा निर्णय असतो. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

प्रथम आपल्या तंबोऱ्याकडे पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिरजेंतील फरीदसाहेब या शिकलगारानें शस्त्रांचें काम सोडून तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला. ती विद्या मिरजेंत आजही जिवंत आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळा आणला, त्यास दांडी जोडली, चार तारा चढविल्या, तरी तंबोरा बोलत नाहीं. घोडीवर तारेखालीं सुताचा बारीक दोरा घालून तो केसभर मागेंपुढें सरकवावा लागतो. नेमकी जागा सांपडली म्हणजे जवारी लागते, आणि एकाच तारेंतून अनेक स्वर ऐकूं येऊं लागतात. तारेच्या वाटेंत मुद्दाम ठेवलेला हा अडथळाच नव्हे काय?

तबल्याचीही गोष्ट अशीच. नुसत्या ताणलेल्या चामड्याचा आवाज बोथट असतो. त्यावर लोहचूर्णाची शाई थरावर थर देऊन घोटली कीं तेंच चामडें सुरांत बोलतें. या दोन्ही गोष्टींचें मर्म सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं उलगडलें. हे गृहस्थ १९१० सालीं सरकारी हिशेबखात्याचे अधिकारी म्हणून कांहीं काळ नागपुरास होते, याचें आम्हां शेजारच्या कन्हानकरांस कौतुक वाटतें. शाईच्या वजनामुळें चामड्याचे उपस्वर मूळ स्वराशीं जुळून येतात, हें त्यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलें. पुढच्याच वर्षीं त्यांनीं दाखवून दिलें कीं, तार ठराविक जागीं छेडली असतां शास्त्राच्या नियमानें जे उपस्वर उमटूं नयेत, तेही तंबोऱ्यांत उमटतात. शास्त्रज्ञानें हें सिद्ध करण्यापूर्वीं किती पिढ्या आधीं कारागिरांच्या कानांनीं तें जाणलें होतें!

आपल्या लोककलांतही तार आणि चामडें यांचा संसार जुनाच आहे. पूर्व विदर्भांतील खडी गंमतींत वाजणारें तुणतुणें म्हणजे पोकळ नळकांडें, एका तोंडास मढविलेलें चामडें, आणि त्यांतून खुंटीपर्यंत ओढलेली एक तार. देवीच्या भक्तांचें चौंडकें काखेंत धरून तार ताणली कीं स्वर चढतो, सैल सोडली कीं उतरतो. शाहीर आयत्या वेळीं जवाब रचतो, आणि साथीदार त्याच्या मुद्रेकडे पाहून ठेका बदलतो.

आतां परदेशाकडे वळूं. अमेरिकेंतील सिॲटल येथें १९४० सालीं जॉन केज यांस एका नृत्यासाठीं तालवाद्यांचा मेळ हवा होता. पण नाट्यगृहांत त्यास जागा नव्हती. तेव्हां त्यांनीं पियानोच्या तारांमध्यें बोल्ट वगैरे वस्तु बसवून एकाच वाद्यांतून अनेक वाद्यांचे ध्वनि काढले. १९४६ सालीं अहमदाबादच्या गीता साराभाई यांजकडून ते हिंदी संगीत शिकले, आणि पुढील दोन वर्षांत अशाच पियानोसाठीं त्यांनीं जी मोठी रचना केली, तिच्या मुळाशीं आपला रसविचार होता. लंडनमध्यें १९६५ सालीं 'ए. एम. एम.' हें मंडळ निघालें. त्यांतील कीथ रो गिटार आडवी ठेवून वाजवीत, आणि रेडिओ लावून त्या क्षणीं जें लागेल तें वादनांत मिसळून घेत. तेथें स्वरलिपि नाहीं, पूर्वनियोजन नाहीं. सोबत्याचें ऐकणें हाच नियम.

अर्थात् राग आणि हें वादन एकच, असें मला म्हणावयाचें नाहीं. रागास चौकट असते, ती यांनीं हेतुपुरस्सर टाकली. विचित्र म्हणून प्रत्येक ध्वनि थोर ठरत नाहीं. परंतु खिळा बसविणारा आणि दोरा सरकविणारा, दोघेही कान देऊन शोध करीत असतात, हें नातें नाकारतां येत नाहीं.

खरा धोका दुसरीकडेच आहे. बंगळूरच्या राज नारायण यांनीं १९७९ सालीं विजेचा तंबोरा सिद्ध केला. आज तोच नाद खिशांतील फोनमध्यें मिळतो. सोय मोठी आहे, यांत शंका नाहीं. पण त्या यंत्रास दोरा नाहीं. म्हणून जवारी शोधण्याचे श्रम नाहींत, आणि त्या श्रमांनीं तयार होणारा कानही नाहीं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. मात्र मानपत्रानें कारागिराची चूल पेटत नाहीं, तंबोरा विकत घेणारीं घरें लागतात. आपल्या घरांतील मुलगा जुना रेडिओ उघडून त्यांतून चमत्कारिक आवाज काढूं लागला, तर त्यास लगेच रागावूं नये. तो काय ऐकतो आहे, एवढें विचारावें. आणि जमल्यास त्याच्या हातांत एक खरा तंबोरा व सुताचा दोरा द्यावा.