प्रार्थनेतील ‘तू’ : मराठी भक्तिपरंपरेतील बालभाव

मराठीच्या आजच्या शिष्टव्यवहारात गुरूला किंवा सासऱ्याला ‘तू’ म्हणण्याची प्राज्ञा कोणी करणार नाही. आईला आणि देवाला मात्र तेच संबोधन शोभते. तथापि केवळ सर्वनामावरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल, कारण संस्कृत स्तोत्रांतही देवाला एकवचनानेच आळविलेले असते. मराठी संतांचा विशेष पाहावयाचा तर त्या सर्वनामाबरोबर येणारे नाते पाहिले पाहिजे. स्तोत्रकार देवाचे गुण वर्णितो. वारकरी विठ्ठलाला ‘माउली’ म्हणून तिच्यापाशी हट्ट धरतो.

महिपतीच्या ‘भक्तविजया’त (१७६२) बाल नामदेवाची कथा आहे. नैवेद्य दाखविला म्हणजे देव जेवतो, असे मानणारा हा मुलगा देव जेवीना म्हणून रडू लागतो आणि अखेर देवाला जेवावे लागते. नामदेवाच्या चरित्राचा पुरावा म्हणून या कथेचे मोल थोडे. पण अठराव्या शतकातील वारकऱ्यांना आदर्श प्रार्थना कशी वाटत होती, याची ती विश्वसनीय साक्ष होय. जनाबाईच्या नावावरील काही अभंगांत तर देवावर उघड राग काढलेला आहे. मनातील काहीही लपवावयाचे नाही, हाच येथील प्रामाणिकपणा.

मूर्ती दूर सारल्यावर हा बालभाव टिकेल काय, हा प्रश्न १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजापुढे उभा राहिला. निराकार ईश्वराशी लडिवाळपणे बोलावे कसे? समाजाने नवे तात्त्विक स्तोत्र रचून भागविले नाही. उपासनेत तुकारामाच्या अभंगांना मानाचे स्थान दिले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखे संस्कृतज्ञ पंडित आपली प्रवचने त्या अभंगांच्या आधारे करीत. मूर्ती गेली, नाते राहिले.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यापायी पत्नी लक्ष्मीबाईंचा काही वर्षांचा वियोग त्यांना सोसावा लागला. एवढी किंमत देऊन देवाचे नाव बदलले, तरी प्रार्थनेची भाषा त्यांनी बदलली नाही. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. आणि ख्रिस्तालाही त्यांनी अभंगातून मातृभावानेच आळविले.

या तीन अवस्थांत दैवत बदलले, उपासनापद्धती बदलली, नाते मात्र तसेच राहिले. भांडारकर आणि टिळक हे दोघेही व्युत्पन्न होते. पांडित्यपूर्ण प्रार्थना रचणे त्यांना अवघड नव्हते. तेव्हा प्रार्थनेतील साधेपणा हा अज्ञानाचा परिणाम होय, हे मत ग्राह्य धरता येत नाही. तो जाणून पत्करलेला साधेपणा होता : ज्याच्यापासून काहीच लपत नाही, त्याच्यापुढे शब्दांचा आडपडदा तरी कशाला?