चारही चाकांची ओढ

‘फोर बाय फोर’ ही एक हिशेबी खूण आहे. तिच्यातला पहिला आकडा गाडीला एकूण चाके किती ते सांगतो आणि दुसरा, त्यांपैकी किती चाकांना इंजिनाची ओढ पोहोचते ते. फक्त मागच्या चाकांवर चालणारी वडापची जीप फोर बाय टू, सैन्याचा तीन अ‍ॅक्सलांचा डोंगरी ट्रक सिक्स बाय सिक्स. गाडी थांबवण्याविषयी या खुणेत एक अक्षरही नाही. चारही चाकांना ओढ देण्याची युक्ती कशासाठी निघाली हे कळले, की बर्फाच्या रस्त्यावर ती कुठे कामाची आणि कुठे निरुपयोगी हेही कळते. पिंपरी, चाकण या पट्ट्यात अशा गाड्या घडतात, पण बर्फ कधीच पडत नाही. म्हणून इथल्या चालकाला ही कुळकथा माहीत असणे जास्तच गरजेचे आहे.

युक्ती निघाली ती रुतणाऱ्या जमिनीसाठी आणि चढासाठी. इंग्लंडच्या ब्रामा जोसेफ डिप्लॉक या अभियंत्याने १८९३ साली वाफेवर चालणाऱ्या ट्रॅक्शन इंजिनासाठी चारही चाके फिरवणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले. १९०० साली व्हिएन्नाच्या लोनर कंपनीत काम करणाऱ्या तरुण फर्डिनंड पोर्शेने चारही चाकांच्या तुंब्यांत एकेक विजेची मोटर बसवून गाडी तयार केली. तिला ना गिअर होते, ना शाफ्ट, पण तिच्या बॅटऱ्यांचेच वजन दीड टनाच्या वर होते. १९०३ साली हॉलंडच्या स्पायकर बंधूंनी पेट्रोलवर चालणारी चारचाकी ओढीची मोटार बनवली. या मोटारीत आणखी एक नवी गोष्ट होती: तिच्या चारही चाकांना ब्रेक होते. त्या काळी ब्रेक सहसा मागच्या चाकांनाच असत.

स्पायकरने एकत्र आणलेल्या या दोन गोष्टींच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या. चारही चाकांना ब्रेक ही सोय १९२०च्या दशकापासून सगळ्याच मोटारींत पसरत गेली. चारही चाकांना ओढ मात्र ठरावीक गाड्यांपुरतीच राहिली. म्हणून आजची साधी हॅचबॅकसुद्धा चारही चाकांवर थांबते, आणि लाखो रुपये जास्त मोजून घेतलेली फोर बाय फोरही तेवढ्याच चाकांवर थांबते. थांबण्याच्या बाबतीत तिला जास्तीचे काहीही मिळालेले नाही.

ओढ मागे राहण्याचे कारण यंत्रात होते. बैलगाडीची दोन्ही चाके आपापल्या टोकाला मोकळी फिरतात. वळणावर बाहेरचे चाक जास्त फेरे घेते आणि आतले कमी, त्यात कुणाची अडवणूक होत नाही. चाकाला इंजिनाने फिरवायचे झाले की ही मोकळीक जाते. ती परत मिळवून देणारा डिफरन्शियल फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकरने १८२०च्या दशकातच शोधला होता. पण पुढची चाके वळतात, त्यामुळे त्यांना फिरवणारा सांधाही वळता हवा. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिंटनव्हिल गावचे यंत्रकारागीर ओटो झॅकाव आणि विल्यम बेसरडिच यांनी १९०८च्या सुमारास असा सांधा बंदिस्त गोळ्यात बसवला. त्यांच्या कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात हजारोंनी धावले. वळताना धक्का न देता सारख्या गतीने फिरणारे सांधे १९२०च्या दशकात आले आणि मग चारचाकी ओढ लहान गाडीत मावण्याजोगी झाली.

ती लहान गाडी म्हणजे जीप. अमेरिकी सैन्याने १९४० साली मागणी काढली, बँटम कंपनीने कार्ल प्रोब्स्टच्या आराखड्यावरून त्याच वर्षी सप्टेंबरात नमुना हजर केला, आणि १९४१पासून विलिज व फोर्ड या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त गाड्या काढल्या. विलिजच्या जीपमध्ये मुख्य गिअरच्या शेजारी दोन आखूड दांडे होते. एक पुढच्या अ‍ॅक्सलला ओढ द्यायचा किंवा तोडायचा, दुसरा साधा वेग की जवळजवळ निम्मा वेग आणि दुप्पट जोर हे ठरवायचा. टू-हाय, फोर-हाय, फोर-लो ही आजची नावे याच दोन दांड्यांच्या जोड्यांतून आली. डॅशबोर्डवर दांड्यांच्या जागा दाखवणारी धातूची पट्टी होती, आणि कोरड्या कठीण रस्त्यावर पुढच्या अ‍ॅक्सलची ओढ तोडावी अशी ताकीदही तिच्यावर कोरलेली होती.

ती ताकीद आजही जशीच्या तशी लागू आहे. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठा कंस कापतात. फोर-हायमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी घट्ट बांधलेले असतात, त्यामुळे हा फरक कुठेतरी जिरवावा लागतो. चिखलात किंवा बर्फात चाक थोडे घसरते आणि फरक जिरतो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो. शाफ्टमध्ये पीळ साठत जातो, स्टिअरिंग जड होते, गाडी कुणी मागून धरून ठेवल्यासारखी अडते आणि दांडा परत टू-हायला येईनासा होतो. पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग वळवून चार फूट पुढे गेले तरी हा अडकाव हाताला जाणवतो.

भारतात ही गाडी मुंबईमार्गे आली. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी सुरू झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास विलिज जीपचे सुटे भाग आणून त्या माझगावला जोडायला सुरुवात केली. ‘जीप’ हा शब्द मराठीत असा रुळला, की पुढे पुढच्या अ‍ॅक्सलची ओढ गेली तरी नाव राहिले. कमांडर, मार्शल, ट्रॅक्स अशा ज्या गाड्या पश्चिम महाराष्ट्रात वडाप म्हणून धावल्या, त्यांतल्या बहुसंख्य फोर बाय टू होत्या. ‘जीप आहे, कुठेही जाईल’ हा समज मात्र तेवढाच पक्का राहिला, आणि त्याची किंमत लोकांना अजून मोजावी लागते.

पिंपरीत टाटांच्या टेल्कोने १९९१ साली सिएरा आणि १९९८ साली सफारी आणली. दोन्ही फोर बाय फोर रूपातही मिळत. २०१२च्या सफारी स्टॉर्ममध्ये दांड्याच्या जागी गोल खटका होता आणि चालत्या गाडीत फोर-हाय टाकता येत असे. २०१७ साली सैन्याने जिप्सीच्या जागी याच गाडीची तीन हजारांहून जास्त नगांची मागणी नोंदवली. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सने, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेम्पोने, गुरखामध्ये पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही डिफरन्शियलना कुलूप दिले. महिंद्रचा चाकणचा कारखाना २०१०च्या सुमारास सुरू झाला. तिथे घडणाऱ्या स्कॉर्पिओ-एनमध्ये (२०२२) चालकाला बर्फ, चिखल, वाळू असे पर्याय निवडता येतात. बर्फाचा पर्याय निवडला की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर जोर एकदम न येता सावकाश येतो. त्याचे मुख्य काम हेच, आणि ते मोलाचे आहे, कारण बर्फावर चाक घसरते ते बहुधा चालकाच्या घाईनेच.

बर्फाशी चारचाकी ओढीचे नाते जोडले गेले ते मुख्यतः उत्तर युरोपात. १९७६-७७च्या हिवाळ्यात ऑडीचे अभियंते फिनलंडमध्ये चाचण्या घेत होते. सोबत फोक्सवागनची इल्टिस ही जेमतेम ७५ अश्वशक्तीची लष्करी गाडी होती, आणि बर्फावर ती ताकदवान मोटारींना मागे टाकत होती. यॉर्ग बेन्झिंगर यांनी ते हेरले, आणि १९८०च्या मार्चमध्ये जिनिव्हात ऑडी क्वात्रो उभी राहिली. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये तिसरा डिफरन्शियल असल्याने अशी गाडी कोरड्या रस्त्यावरही कायम चारही चाकांवर चालते. ब्रिटनच्या जेन्सन एफएफने १९६६ साली ही रचना घाटदार मोटारीत आणली होती, आणि तिला चाके अडकू न देणारा ब्रेकही होता. आज क्वात्रो गाड्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या उन्हात जोडल्या जातात.

म्हणून गाडी घरून निघण्याआधीच एक गोष्ट पाहायला हवी: ती दांड्याची, म्हणजे हवी तेव्हा फोर-हाय टाकायची आहे, की कायम चारही चाकांवर चालणारी. दोन्हींचे नियम वेगळे आहेत, आणि पहिल्या प्रकारात चूक झाली तर नुकसान महागडे असते.

मराठी चालकाचा बर्फाशी संबंध येतो तो हिमालयात. या रस्त्यांवरचा बर्फ हटवणाऱ्या सीमा सडक संघटनेची स्थापना ७ मे १९६० रोजी झाली. तिच्या ‘ग्रेफ’ दलाचे भरती व प्रशिक्षण केंद्र पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत, आळंदी रस्त्यावरच्या दिघीला आहे. रोहतांग आणि झोजिलावर यंत्रे चालवणारी माणसे दिघीच्या उन्हातून तिथे जातात.

बर्फ पडला की मनालीच्या पुढे बऱ्याचदा फक्त फोर बाय फोर गाड्यांना सोडतात. एखादी गाडी चढावर जागची न हलता अडकून पडली, तर मागची सगळी वाहतूक तुंबते. हा नियम त्यासाठी आहे. उतारावर गाडी आवरेल अशी हमी त्यात नाही. हिशेब साधा आहे. ताशी ४० किमी वेगाने जाणाऱ्या गाडीला ब्रेक लागल्यानंतर कोरड्या डांबरावर थांबायला साधारण ८ मीटर लागतात. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तेच अंतर ३० मीटरच्या आसपास जाते आणि पारदर्शक गोठलेल्या पाण्यावर ६० मीटरच्या पुढे. या आकड्यांत किती चाकांना ओढ आहे याचा काहीच संबंध नाही. संबंध आहे फक्त टायर आणि पृष्ठभाग यांच्यातल्या घर्षणाचा. उलट, फोर बाय फोर चढावर इतकी सहज चढते, की रस्ता किती निसरडा आहे याची जाणीवच चालकाला होत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर मागची चाके पावसात जरा फिरली की पायाला कळते. बर्फावर फोर-हायमध्ये ते कळत नाही, आणि पहिली जाणीव होते ती उतारावर ब्रेक दाबल्यावर.

उतारासाठी मात्र जुन्या दांड्याचा एक खरा उपयोग आहे. फोर-लो आणि पहिला गिअर टाकला की इंजिनाचा अटकाव चारही चाकांवर सारखा वाटला जातो, आणि ब्रेकवर जवळजवळ पाय ठेवावा लागत नाही. फोर-लो गाडी उभी करून, क्लच पूर्ण दाबून, उतार सुरू होण्याआधी सपाटीवरच टाकायचा. घसरत असताना गिअर खाली पाडला तर चाके अडकतात आणि गाडी आणखी सुटते. एबीएस, म्हणजे चाके अडकू न देणारा ब्रेक, असलेल्या गाडीत ब्रेक दाबून धरायचा. पायाखाली येणारी थरथर ही बिघाडाची खूण नव्हे. भारतात नव्या मॉडेलच्या मोटारींना एबीएस २०१८च्या एप्रिलपासून सक्तीचे झाले.

३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला अटल बोगदा ही दांड्याची परीक्षाच आहे. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या वर असलेल्या या ९.०२ किमी लांबीच्या बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी बर्फ असतो आणि आतला रस्ता बहुधा कोरडा. आत शिरल्यावर टू-हाय आणि पलीकडच्या तोंडाशी, बर्फ लागण्याआधी, सरळ रेषेत पुन्हा फोर-हाय, असा बदल पाव तासात दोनदा करावा लागतो.

टायरला चेन बांधण्याची कल्पना न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीडची, पेटंट १९०४चे. चिखलात चाकांना दोर गुंडाळणारे लोक पाहून त्याला ती सुचली असे सांगतात. घर्षण वाढवत असल्यामुळे चेन ओढायला आणि थांबवायला दोन्हीला मदत करते, आणि म्हणून उतारावर चार चाकांच्या ओढीपेक्षा चेनचा भरवसा जास्त. ती चारही चाकांना असावी; दोनच असतील तर कुठे बांधायची ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. घराच्या अंगणात एकदा बांधून पाहिलेली बरी, कारण गारठलेल्या बोटांनी आकडा अडकवणे कठीण जाते. चेन घातल्यावर वेग ताशी ३०-४० किमीच्या आत ठेवायचा आणि कोरडा रस्ता लागताच ती काढायची. आपल्याकडचे नेहमीचे टायर उष्ण हवेसाठी असतात. पारा साधारण ७ अंशांखाली गेला की त्यांचे रबर कडक होत जाते.

डिझेलचेही तसेच आहे. चाकणला भरलेल्या डिझेलमधले मेण कडाक्याच्या थंडीत गोठते आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले. म्हणून टाकी पूर्ण रिकामी न करता, पण बरीच उतरल्यावर, तिथले डिझेल भरणे शहाणपणाचे. रात्री हँडब्रेक ओढून ठेवला तर ओले ब्रेक-शू गोठून चिकटू शकतात; पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत.

पिंपरीच्या कारखान्यातून २०२५ साली निघालेल्या हॅरियर ईव्हीच्या चारही चाकांना ओढ देणाऱ्या रूपात पुढच्या अ‍ॅक्सलला एक आणि मागच्या अ‍ॅक्सलला एक अशा दोन मोटर आहेत. मधला शाफ्ट नाही आणि पीळ साठण्याचा प्रश्नही नाही. पोर्शेची १९०० सालची कल्पना सव्वाशे वर्षांनी अशी परत आली. दांड्याची ताकीद तिला लागत नाही, पण नवी एक लागते. विजेच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलताच मोटर वीज परत साठवू लागतात आणि चाके आवरतात. गोठलेल्या उतारावर हा अटकाव एकदम बसला तर चाके सुटू शकतात. म्हणून बर्फ लागण्याआधी त्याची पातळी सर्वांत कमीवर आणावी लागते.