केडगांवचा निवारा व बांधकामाची परवानगी

सन १८९७ मध्यें पुण्यांत प्लेगची सांथ असतां पंडिता रमाबाईंनीं दुष्काळांतून वांचविलेल्या मुली केडगांवीं आणिल्या. निवारा शेतजमिनीवरच उभा करावयाचा होता. शेतीची जमीन इतर कामास लावण्यापूर्वीं कलेक्टरची परवानगी घ्यावी, असा सन १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ६५ व्या कलमाचा दंडक होता. स्वातंत्र्यानंतर सन १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या ५२ व्या कलमानें गांवच्या हद्दींत इमारत बांधण्यास पंचायतीचीही पूर्वपरवानगी आवश्यक केली. विनापरवाना उभी राहिलेली भिंत पाडिली जाऊं शकते, व शाळेची वा आश्रमाची भिंत पडली म्हणजे छत्र हरपतें तें निराधारांचें. म्हणून पाया खणण्यापूर्वीं कागद पुरे करणें हेंही दयेचें कृत्यच होय.