इटलीची स्वस्त वाईन

किंमत हीच गुणाची कसोटी, असा समज सर्वत्र रूढ आहे. महाग तें उत्तम आणि स्वस्त तें निकृष्ट, असें एकदां ठरवून टाकलें म्हणजे जिभेला आणि बुद्धीला फारसे श्रम पडत नाहींत. इटलीच्या द्राक्षमद्याचा, म्हणजे वाईनचा, इतिहास या समजाची चांगलीच परीक्षा घेतो. कारण त्या देशांत वाईन ही केवळ श्रीमंतांची चैन नसून सामान्य माणसाच्या जेवणांतील नित्याची वस्तु होती. मद्यपानाची भलावण करण्याचा येथें हेतु नाहीं. एका स्वस्त वस्तूची पारख कशी होत गेली, एवढेंच पाहावयाचें आहे.

स्वस्त आणि महाग हा भेद रोमन काळापासूनचा आहे. पाँपेई शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथील एका पानगृहाच्या लेखांत दर नोंदले आहेत: एका नाण्यास साधी वाईन, दोहोंस तिच्याहून बरी, आणि चोहोंस सुप्रसिद्ध फालेर्नियन. पुढें इ. स. ३०१ मध्यें सम्राट डायोक्लिशियन यानें महागाईस आळा घालण्यासाठीं भावांचें जाहीर पत्रक काढलें. त्यांत एका मापास फालेर्नियनचा भाव ३० दिनार, तर गांवठी वाईनचा ८ दिनार ठरविला आहे. म्हणजे उत्तम आणि साधी यांच्या किंमतींत अंतर सुमारें चौपट. आज तें शेंकडों पटींवर गेलें आहे. जिभेला जाणवणारें अंतर त्याच मानानें वाढलें, असें मात्र कोणी म्हणणार नाहीं.

या प्रश्नाचा खरा उलगडा फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांमधील टेंकड्यांवर होणाऱ्या किआंती वाईनच्या इतिहासांत सांपडतो. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानें १७१६ मध्यें किआंतीसह चार प्रदेशांच्या सीमा आंखून दिल्या. नांव एकाचें आणि माल दुसऱ्याचा, असा प्रकार होऊं नये हा त्यांतील हेतु. पुढें एकीकृत इटलीचा दुसरा पंतप्रधान बेत्तीनो रिकासोली यानें ब्रोलियो येथील आपल्या मळ्यांत दीर्घकाळ प्रयोग केले आणि १८७२ मध्यें त्यांचा निष्कर्ष पीसा येथील एका प्राध्यापकास पत्रानें कळविला. सांजोव्हेसे जातीच्या द्राक्षांनीं सुगंध आणि जोम येतो. कानायोलोनें त्याचा कडकपणा निवतो. मालव्हाझिया या पांढऱ्या द्राक्षांनीं वाईन हलकी होते. म्हणून जी वर्षानुवर्षें मुरवावयाची, तिच्यांत मालव्हाझिया नसलेली बरी; जी ताजी असतांनाच रोजच्या जेवणांत घ्यावयाची, तिला ती शोभते. स्वस्त वाईन ही महाग वाईनची बिघडलेली आवृत्ति नव्हे, तिचें प्रयोजनच निराळें, हें मर्म रिकासोलीनें अचूक ओळखलें होतें.

उत्तरकाळीं तें विसरलें गेलें. १९६७ च्या नियमांनीं किआंतींत पांढरीं द्राक्षें शेंकडा १० ते ३० घालणें सक्तीचें केलें. पीक वाढलें, गुण उतरला, आणि गवती वेष्टणाची गोल बाटली, फियास्को, हलक्या मालाची खूण होऊन बसली. तेव्हां कांहीं उत्पादक नियमांबाहेर पडले. १९७१ च्या हंगामाची तिन्यानेल्लो ही अप्रतिम वाईन कायद्यानें सर्वांत खालच्या, 'टेबल वाईन'च्या, वर्गांत विकावी लागली! नांव, वर्ग आणि किंमत यांवर विसंबणारा ग्राहक दोन्हीकडून फसतो, तो असा.

मग पारख करावी कशी? ताज्या किआंतीचा रंग माणकासारखा स्वच्छ लाल असावा. पेला हळूच फिरवून हुंगल्यास चेरीचा वास यावा. घोट जिभेवर घोळवतांना आंबटपणा टवटवीत आणि तुरटपणा बेताचा लागावा. टोमॅटो आणि ऑलिव्हचें तेल यांच्या जेवणाशीं तो आंबटपणा फार चांगला जुळतो. तिच्यांत जुन्या वाईनचें गांभीर्य शोधूं नये. सतारीकडून पखवाजाच्या नादाची अपेक्षा करण्यासारखेंच तें होईल.

परंतु जिभेलाहि मर्यादा आहे. १९८६ च्या वसंतांत उत्तर इटलींत कांहीं लोभी लोकांनीं स्वस्त वाईनची तीव्रता वाढविण्यासाठीं तिच्यांत मेथिल अल्कोहोल मिसळलें. वीसहून अधिक माणसें मेलीं. कांहींची दृष्टि गेली. हें विष कोणत्याहि रसिकास चवीवरून ओळखतां येत नाहीं. त्यानंतर तपासणी कडक झाली, आणि १९९२ मध्यें वाईनच्या वर्गवारीचा नवा कायदा आला.

महाग वस्तूच्या शुद्धतेची काळजी तिच्या कीर्तीसाठीं तरी घेतली जाते; स्वस्त वस्तूला तें कवच नसतें, आणि ती वापरणारा बहुधा गरीब असतो. म्हणून तिच्या गुणाची कदर रसिकानें करावी आणि तिच्या शुद्धतेची जबाबदारी समाजानें घ्यावी. स्वस्ताईचा खरा सन्मान या दोहोंनीं मिळून होतो.